शेवट पाहायचा राहिला

माणसाने ज्ञानेश्वरी वाचलेली नसली, तर त्याला कुणी जाब विचारीत नाही. ‘नाही बुवा वाचली’ असे त्याने सांगितले, तर ऐकणारा उलट खूशच होतो. कारण बहुधा त्यानेही ती वाचलेली नसते. पण एखादा गाजलेला चित्रपट आपण पाहिलेला नाही, असे चारचौघांत म्हणून पाहा! ऐकणारा आधी तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो, मग तुमच्या कपड्यांकडे पाहतो आणि शेवटी शेजाऱ्याकडे पाहून हसतो. “काय सांगता! शोले पाहिला नाहीत?” या प्रश्नात आश्चर्य थोडे आणि कीव पुष्कळ असते. जणू काय तुमची मुंजच व्हायची राहून गेली आहे!

मी एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. दहावीनंतर मी पुस्तके ठेवून दिली आणि कुंचला हातात घेतला. पुढे केव्हातरी कादंबऱ्या लिहू लागलो. कादंबरीकाराने जगातले सगळे पाहिलेले असते, असा लोकांचा एक भाबडा समज असतो. त्यामुळे मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर सिनेमाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे पाहतात. अशा वेळी न पाहिलेल्या चित्रपटाबद्दल पाहिल्यासारखे बोलण्याची एक कला आहे, ती मी आमच्या गणिताच्या सरांकडून शिकलो. ते सांगतात, ‘फोटोग्राफी काय सुंदर आहे!’ असे आधी म्हणावे. हे वाक्य कोणत्याही चित्रपटाला चालते. मग गाण्यांकडे वळावे. कारण गाणी सगळ्यांनीच ऐकलेली असतात. शेवटाबद्दल मात्र चकार शब्द काढू नये. शेवटापाशी माणूस पकडला जातो.

व्ही. शांताराम यांचा १९७२ सालचा ‘पिंजरा’ मी अद्याप पाहिलेला नाही. त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. नोकरीवर हजर झालो त्या दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्याने मला पारावर बोलावून विचारले, “मास्तर, पिंजरा बघितलाय का?” मी नाही म्हणालो. “बघा एकदा. डॉक्टर लागूंनी मास्तर काय रंगवलाय! तमासगिरणीच्या नादानं बिचाऱ्याची पार माती होती. बघितला म्हंजी सावध ऱ्हाशीला.” त्याने मला त्या बैठकीतच सगळी कथा अशी काही रंगवून सांगितली, की पुढे तिकीट काढून तो पाहावा असे मला कधी वाटलेच नाही. सावध मात्र मी अजून आहे.

चित्रपट न पाहिलेल्या माणसाने फार ओशाळून जाण्याचे काही कारण नाही, असे मला वाटते. या बाबतीत सारा देशच आपल्या पंगतीला बसलेला आहे. हिंदुस्थानचा पहिला बोलपट कोणता, असे शाळेतल्या कोणत्याही मुलाला विचारा. तो धडाधडा सांगेल : ‘आलम आरा’, दिग्दर्शक अर्देशिर इराणी, मुंबईचे मॅजेस्टिक, १४ मार्च १९३१. पण हा ‘आलम आरा’ आज कुणालाही पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. चार छायाचित्रे, काही जाहिराती आणि पुष्कळशी कीर्ती एवढेच मागे राहिले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, म्हणून एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला फाळक्यांनी लुगडे नेसवले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पण त्या चित्रपटाचाही काही भागच आज शिल्लक आहे. त्या काळच्या फिती भारी ज्वालाग्राही. काही आगीत गेल्या, काही कोठारात पडून सडल्या आणि काही तर त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी मुद्दाम जाळल्या गेल्या. १९६४ साली पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, तोवर बरेच काही हातचे गेले होते. तरी ‘राजा हरिश्चंद्र’चे नाव निघाले की आपली मान अभिमानाने ताठ होतेच. म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीवरही जीव जडतो, हे खरे.

‘शोले’ मी आधी ऐकला आणि पुष्कळ वर्षांनी पाहिला. माझ्या पिढीच्या खेड्यातल्या मुलांचे असेच झाले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो लागला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. पण आमच्या गावापासून मिनर्व्हा फार लांब. आमच्याकडे आली ती त्याच्या संवादांची कॅसेट. लग्न असो, गणपती असो की कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा असो, आंब्याच्या झाडाला कर्णा बांधायचा आणि त्यातून गब्बरसिंग बोलू लागायचा. मांडवात नवरा-नवरी बोहल्यावर उभी आहेत आणि माथ्यावर गब्बर आपल्या माणसांना दरडावून विचारतो आहे, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या आवाजावरून मी मनाशी एक गब्बर तयार केला होता. तो आमच्या गावच्या खाटकासारखा दिसायचा. पुढे पडद्यावरचा अमजदखान पाहिला तेव्हा खरे सांगायचे तर माझी थोडी निराशाच झाली.

आणि ज्यांनी तो पंचवीस-पंचवीस वेळा पाहिला, त्यांनी तरी काय पाहिले? मुळात जो शेवट चित्रित केला होता, त्यात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. ते आणीबाणीचे दिवस होते. सेन्सॉरने तो शेवट बदलायला लावला. मग ऐन वेळी पोलीस आले आणि गब्बर वाचला. तो मूळचा शेवट जोडून दुरुस्त केलेला ‘शोले’ २०२५ साली इटलीतल्या बोलोन्या शहरी दाखवण्यात आला. म्हणजे पन्नास वर्षे ज्यांनी आपली कीव केली, त्यांचाही खरा शेवट पाहायचा राहिलाच होता!

चित्रपट अर्धा राहण्याची कारणे आमच्या लहानपणी पुष्कळ असत. आमच्याकडे जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मध्ये एक दोर बांधलेला, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका आणि खाली जमिनीवर ज्याचे त्याने आणलेले पोते. यंत्र एकच. त्यामुळे एक रीळ संपले की दुसरे चढवीपर्यंत काळोख, आणि त्या काळोखात शेंगांची टरफले मोडल्याचा आवाज. मधेच फीत तटकन तुटे. मग शिट्ट्या, आरडाओरड. तंबूवाला तुटलेली टोके कापून चिकटवायचा आणि त्या कापाकापीत दर वेळी काही चित्रे कायमची जायची. गावोगाव फिरून जुन्या झालेल्या प्रतीत नायक एकदम दारातून उडी मारून खुर्चीत बसलेला दिसायचा. आम्हांला ती त्याची शक्ती वाटे!

पुढे मोठेपणी एका यंत्रचालकाने मला सांगितले, की फितीवरची चित्रे सेकंदाला चोवीस या वेगाने सरकतात आणि एक चित्र जाऊन दुसरे येईपर्यंत यंत्रातली झडप उजेड अडवते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. पण फितीच्या चित्रपटात जवळजवळ निम्मा वेळ पडद्यावर अंधारच असतो. हे ऐकल्यापासून मला मोठा धीर आला आहे. ज्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे ताणून चित्रपट पाहिला, त्यानेही निम्मा काळोखच पाहिला. बाकीचे त्याच्या मनाने भरून काढले. आमच्यासारख्यांना भरून काढायला थोडे जास्त लागते, एवढाच फरक.

माझ्या आजीने तंबूत ‘संत तुकाराम’ पाहिला, तेव्हा मी तिच्या मांडीवर होतो. दामले-फत्तेलाल यांचा हा १९३६ सालचा बोलपट मुंबईला एकाच चित्रपटगृहात सत्तावन्न आठवडे चालला होता. पुढे व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची वाहवा झाली. आजीला व्हेनिस ठाऊक नव्हते. तिने तंबूच्या दाराशी वहाणा काढल्या आणि विष्णुपंत पागनीस पडद्यावर दिसताच हात जोडले. शेवटी वैकुंठगमनाचा प्रसंग आला. सगळा तंबू माना उंच करून पाहू लागला, आणि आजीने मात्र डोळे घट्ट मिटून घेतले. घरी येताना मी तिला म्हणालो, “आजी, विमान केवढं होतं! तू बघितलंच नाहीस.” ती म्हणाली, “देवाचं विमान असं तिकीट काढून बघायचं असतं व्हय? माझं मला दिसलं.” आजीला काय दिसले ते तिने कधी सांगितले नाही. मीही पुन्हा विचारले नाही.

वडिलांची गोष्ट याहून निराळी. त्यांनी ‘मुगल-ए-आझम’ पाहिला तो लग्नाआधी, सातारला. मुंबईला मराठा मंदिरमध्ये तो ५ ऑगस्ट १९६० रोजी लागला होता. सातारला वडिलांनी पाहिला तो बऱ्याच वर्षांनी, पुन्हा लागला तेव्हा. चित्रपट सव्वातीन तासांहून मोठा, संध्याकाळचा खेळ आणि आमच्या गावाकडची शेवटची गाडी सव्वानऊची! अनारकलीला भिंतीत चिणू लागले, एक-एक दगड चढू लागला, आणि वडिलांनी घड्याळ पाहिले. ते उठले आणि स्टँडकडे धावत सुटले. गाडी मिळाली. पण ती हळहळ त्यांना जन्मभर पुरली. “बिचारीला जिवंत गाडली हो,” असे ते जेवताजेवता एकाएकी म्हणायचे.

मी तो चित्रपट टीव्हीवर पाहिला आणि माझे नेमके उलटे झाले. त्या रविवारी मला दळण आणायला पाठवले होते. गिरणीवर ही रांग! मी पिठाचा डबा घेऊन शेजारच्यांच्या दारात पोचलो, तेव्हा भिंत पुरी होत आली होती. मग मी पाहिले, की त्या भिंतीखालून एक गुप्त वाट असते. अनारकलीच्या आईला दिलेल्या जुन्या वचनाला जागून अकबर त्या वाटेने मायलेकींना गुपचूप सोडून देतो. मी धावत घरी गेलो आणि वडिलांना म्हणालो, “दादा, अनारकली मेली नाही! बादशहानं सोडली तिला!” दादा माझ्यावर रागावले. “उगीच काहीतरी बोलू नकोस. भिंत चढताना मी या डोळ्यांनी पाहिलीय.” त्यांना मी पुष्कळदा समजावले. २००४ साली तो चित्रपट रंगीत होऊन पुन्हा आला, तेव्हा चला म्हणून आग्रहही केला. ते आले नाहीत. इतकी वर्षे मनात जपलेले दुःख एका तिकिटासाठी सोडायला ते तयार नव्हते, असे मला वाटते. आम्हां बापलेकांनी मिळून एकच ‘मुगल-ए-आझम’ पाहिला : त्यांनी शेवटापर्यंतचा आणि मी शेवटाचा. पण तो जोडून एक करणे आम्हांला जमले नाही.

आता आईविषयी सांगायचे, म्हणजे थोडे थांबावे लागते.

आमच्या आळीत पहिला टीव्ही अण्णांच्या घरी आला. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असायचा आणि रविवारी हिंदी. अण्णांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. पोरे पुढे, बायका मागे, पुरुष अंगणात. एका शनिवारी ‘श्यामची आई’ लागला. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले ते पुस्तक, आणि आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर काढलेला तो चित्रपट. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट म्हणून त्याची थोरवी मला पुढे कळली. त्या दिवशी मी सात-आठ वर्षांचा होतो. माधव वझे यांचा श्याम मला माझ्या वर्गातल्या एका मुलासारखा वाटला. पोहायला जायचे टाळून लपलेल्या श्यामला आई बडवते, तेव्हा आम्ही पोरे एकमेकांकडे पाहून हसलो. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून ती त्याच्यापुढे आपला पदर पसरते, तेव्हा ओसरीवरच्या बायकांनी डोळे पुसले. माझ्या आईनेही पुसले.

मग वनमालाबाईंची ती आई आजारी पडली, आणि माझी आई उठली.

“चला घरी. चुलीवर दूध ठेवलंय, उतू जाईल.”

मी रडलो, हातपाय आपटले. तिने धाकट्या बहिणीला काखेला मारले, माझे बखोट धरले आणि भरल्या ओसरीतून वाट काढीत आम्हांला बाहेर आणले. घरी आलो तर चूल थंडगार. त्या वर्षी आमच्याकडे दुभते जनावरच नव्हते. मला ते उंबरठ्यापाशीच आठवले. पण मी बोललो नाही. आईने भाकरी वाढली. मी विचारले, “पुढं काय झालं त्या आईचं?”

“काय व्हायचंय? बरी झाली ती. जेव आता.”

दुसऱ्या दिवशी शाळेत मित्र म्हणाला, “मेली.” मी म्हणालो, “बरी झाली.” तो म्हणाला, त्याने शेवटपर्यंत पाहिलाय. मी म्हणालो, माझ्या आईनं सांगितलंय. यावर पुढे वाद होऊच शकत नव्हता, म्हणून आम्ही मारामारी केली. त्याचा ओठ फुटला आणि माझ्या सदऱ्याची गुंडी गेली.

सहावीत असताना आमच्या बाईंनी ते पुस्तक रोज थोडे थोडे वाचून दाखवले. एकेक रात्र संपत संपत बेचाळिसाव्या रात्रीकडे आलो. शेवट ऐकून सगळा वर्ग गप्प झाला. त्या मित्राने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली. तो काही बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा. मी घरी आलो. आई सुपात ज्वारी पाखडत होती. मी दप्तर न काढताच म्हणालो, “आई, ती मरते. पुस्तकात लिहिलंय.”

सूप क्षणभर थांबले. “पुस्तकात मरत आसंल,” आई म्हणाली. “सिनेमात बरी झाली.” आणि सूप पुन्हा चालू झाले.

आई २०१४ साली गेली. तेराव्याला पाहुणे पांगले, तेव्हा मी आणि मामा मागल्या दारी बसलो होतो. मामा तिच्याहून तीन वर्षांनी मोठे. बोलता बोलता मी त्यांना हा सिनेमाचा किस्सा सांगितला. ते हसतील असे मला वाटले होते. ते हसले नाहीत. बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढीत राहिले.

“आमची आई मुदतीच्या तापानं गेली,” ते म्हणाले. “तुझी आई तवा आठ वर्साची. घरात आजारपण म्हणून तिला मावशीकडं ठेवली हुती. आई गेली आन् गड्याला धाडला हिला आणाय. वाटंत त्यो तरी काय सांगणार पोरीला? म्हणाला, आई बरी झाली, चल. ही येशीपातुर उड्या मारत आली बघ.”

मामा एवढेच बोलले. मग त्यांनी काडी टाकली आणि तोंड धुवायला उठले.

त्यानंतर ते दोन शब्द कितीदा तरी माझ्या मनात आले. ज्या शब्दांनी तिला फसवले होते, तेच तिने आम्हांला का सांगावेत? दुसरे काहीही सांगता आले असते. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला याचे उत्तर सुचायला हवे. पण मला ते नीटसे सुचलेले नाही. मला दिसते ते एवढेच : तिच्या कानांवर ते शब्द पडले, तेव्हा ते वेशीपर्यंतच खरे होते. आमच्या घरी मात्र ते टिकले. ती होती तोवर श्यामची आई बरीच होती.

आमच्या शाळेत २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती असते. त्या दिवशी मुलांना ‘श्यामची आई’ दाखवतात. शाळेत ज्या कामाला कुणी नसते, त्याला चित्रकलेचा शिक्षक असतो. त्यामुळे यंत्र लावायचे, खिडक्यांना काळे कागद चिकटवायचे आणि आवाज जुळवायचा, हे काम माझे. २०२३ साली नवा ‘श्यामची आई’ आला तेव्हा, आता हा दाखवावा की जुना, यावर शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. मला दोन्ही सारखेच. श्यामची आई अंथरुणाला खिळली की मी व्हरांड्यात येऊन उभा राहतो. वायर पाहायला जातो, असे सांगतो. अत्र्यांच्या त्या चित्रपटाचा शेवट मी अजून पाहिलेला नाही आणि आता पाहीन असे वाटत नाही.

अलीकडेच एका वर्षी मी असाच व्हरांड्यात उभा असताना सातवीतली एक मुलगी बाहेर आली. तिची आई आदल्या वर्षी गेली होती. शाळेला हे ठाऊक होते. आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीचे जे होते तेच झाले होते. त्याविषयी तिच्याशी कुणी बोलत नव्हते. “सर, पाणी पिऊन येते,” ती म्हणाली. पाणी पिऊन आली, पण आत गेली नाही. पायरीवर बसली.

“सर, पुढं काय होतं हो?”

मास्तराला प्रश्नाचे उत्तर येत नाही असे क्वचित घडते. हे उत्तर तर मला सहावीपासून येत होते. आईने शिकवलेले दुसरे उत्तरही तोंडात तयार होते. पण त्या मुलीला मी ‘बरी झाली’ असे कसे सांगणार होतो? ती वेशीतून केव्हाच आत आलेली होती.

“मीही पाहिलेला नाही गं,” मी म्हणालो. “दर वर्षी इथपर्यंतच पाहतो.”

तिने वर पाहिले. “दर वर्षी?”

“दर वर्षी.”

“मग बाहेर काय करता?”

“काही नाही. त्या पिंपळाकडे बघत उभा राहतो.”

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो आणि आम्ही दोघे काही वेळ पिंपळाकडे पाहत राहिलो. आतून पेटीचे सूर येत होते. थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, “माझी आई रांगोळी लई भारी काढायची. एकवीस ठिपक्यांची. एकदा बी चुकायची न्हाई.” मी खिशातला खडू तिला दिला. तिने व्हरांड्याच्या फरशीवर ठिपके मांडायला सुरुवात केली. मधली ओळ मोठी, मग दोन्हीकडे एकेक कमी. दोनदा तिचे मोजणे चुकले. तिने तळहाताने पुसून पुन्हा मांडले. आतला चित्रपट संपला. मुले नाके ओढीत बाहेर आली. फरशीवर ठिपके पाहून, कुणी न सांगता, ती कडेकडेने भिंतीला धरून गेली.

आता दिवाळी आहे. लेकी माहेरी आल्या असतील, पोरे चुलत-मावस भावंडांच्या गर्दीत हरवली असतील, आणि फराळाची ताटे पुढ्यात घेऊन सगळे घर एखादा जुना नावाजलेला चित्रपट पाहायला बसले असेल. अशा वेळी घरातली एखादी मावशी, काकू किंवा आत्या शेवट जवळ आला की हळूच उठते. “गॅसवर काहीतरी ठेवलंय” असे पुटपुटत आत जाते. सगळे तिला हाका मारतात : अगं, आता तर खरी गंमत आहे, बस ना! वाचकहो, तिला हाका मारू नका. गॅसवर काही ठेवलेले नाही, हे ठाऊक असले तरी तसे बोलून दाखवू नका. आणि तुमचे घर मोठे असेल, बसायला माणसे पुष्कळ असतील, तर तुमच्यापैकी एकाने उठून तिच्यामागून आत जावे. शेवट काय, दुसऱ्या कुणाकडूनही कळतो.